पहारा आणि नोंद : खडकवासल्यात जागल्यापासून डीव्हीआरपर्यंत

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांनी टिपलेले चित्र साठवून ठेवणाऱ्या यंत्राला डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर म्हणतात. बोलीत त्याचे नाव डीव्हीआर. सिंहगड रस्त्याने धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी करत खडकवासल्यापर्यंत गेले, तर किराणा दुकान, मेडिकल, हॉटेल, सोसायटीचे फाटक, फार्महाऊस अशा ठिकठिकाणी कॅमेरा दिसतो. डीव्हीआर दिसत नाही. तो काउंटरखाली, माळ्यावर, मीटरच्या खोलीत किंवा टीव्हीमागे धूळ खात पडलेला असतो, आणि चोरी झाली, अपघात झाला किंवा भांडण पोलीस ठाण्यात गेले की सगळ्यांना त्याची आठवण होते. खडकवासल्याला पहारा नवा नाही. सिंहगडाच्या वाटेवरचे गाव, धरणाचे गाव आणि लष्करी प्रशिक्षणाचे गाव, अशा तिन्ही नात्यांनी इथे कोणी ना कोणी राखण करत आले आहे. काळाबरोबर बदलली ती राखणीची नोंद ठेवण्याची रीत. डीव्हीआर निवडताना आणि तो बिघडल्यावर लोक चुकतात तेही याच नोंदीच्या बाबतीत.

पेशवाईत आणि त्याआधीही या भागातल्या गावांची रात्रीची राखण जागल्याकडे असे. पुणे प्रांतात हे काम बऱ्याच ठिकाणी रामोशी करत. मोबदला म्हणून गावाकडून धान्याचा वाटा मिळे, कुठे इनाम जमीनही असे. या पद्धतीचा गाभा होता ‘माग’. रात्री घर फुटले की राखणदाराने चोराच्या पावलांचे ठसे शोधायचे, त्यांचे माप घ्यायचे आणि त्यांच्या आधाराने गावाच्या शिवेपर्यंत जायचे. माग शेजारच्या गावाच्या हद्दीत शिरला की तिथल्या राखणदाराला बोलावून तो त्याच्या हवाली करायचा. तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. ज्या गावात माग विरला, त्याने चोर हजर करायचा, नाहीतर गेलेल्या मालाची भरपाई द्यायची. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांनी १८३३ साली रामोशांवर लिहिलेले पुस्तक या समाजाच्या राखणदारीविषयीचे जुने आणि महत्त्वाचे साधन आहे.

या व्यवस्थेकडे नीट पाहण्यासारखे आहे. मातीतला ठसा हीच त्या रात्रीची नोंद होती, आणि तिचे आयुष्य फार थोडे. सकाळी गुरे सुटली किंवा पावसाची एक सर आली की ती गेली. म्हणून माग काढायला उशीर चालत नसे. शिवाय ती नोंद जपणारा माणूस ठरलेला होता आणि ती हरवली तर भुर्दंड कोणाला बसणार हेही ठरलेले होते. पुढच्या काळात साधने कितीतरी सुधारली. मात्र जबाबदारी इतक्या स्पष्टपणे एखाद्याच्या माथ्यावर ठेवणारी पद्धत क्वचितच आली.

मार्च १८१८ मध्ये सिंहगड इंग्रजांच्या ताब्यात गेला. गडांवरची शिबंदी मोडली, पहाऱ्याची वतने गेली, आणि पिढीजात राखणदार बेकार झाले. पुरंदर तालुक्यातील भिवडीचे उमाजी नाईक यांच्या बंडामागे हेही एक कारण होते. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आली. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने गावची राखण पोलीस पाटलाच्या हाताखाली आणून ठेवली. ज्यांनी शतकानुशतके गावे राखली, त्या रामोशांवर इंग्रजी राजवटीत गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. हा अन्याय विसरता येण्यासारखा नाही. आजही हा समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. पुढे १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने जागल्याचे वतन कागदावरूनही संपले.

खडकवासल्यात माणसाऐवजी यंत्राने लक्ष ठेवण्याची सुरुवात धरणापासून झाली. मुठा नदीवरचे हे दगडी धरण १८७९ साली पुरे झाले. कॅप्टन फाइफ या अभियंत्याच्या नावावरून त्याच्या जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जाणारे पाणी अडवावे, पण धरणावर जादा भार येऊ नये, असा पेच होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले आणि १९०३ साली ते खडकवासल्याला बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दरवाजे स्वतःहून उघडत आणि उतरले की मिटत. रात्री-बेरात्री पाण्यावर नजर ठेवून दरवाजा उचलणाऱ्या माणसाचे काम यंत्राने घेतले. मात्र दरवाजा किती वाजता उघडला आणि किती वेळ उघडा राहिला, हे तो दरवाजा सांगू शकत नव्हता. त्यासाठी वेगळी नोंद लागे.

ती नोंद ठेवण्याचे शास्त्रही याच गावात वाढले. १९१६ साली मुंबई इलाख्याने सुरू केलेल्या पाटबंधारे संशोधनाच्या कामातून आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले. धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या या संस्थेत नद्यांच्या, बंदरांच्या, धरणांच्या प्रतिकृती बांधून पाण्याचा अभ्यास होतो. पाण्याची पातळी सतत टिपण्यासाठी जगभर जे जुने यंत्र वापरले जाई, त्याची रचना साधी होती. पाण्यावर एक तरंगता गोळा, त्याला जोडलेली टाकाची निब, आणि घड्याळाच्या किल्लीवर हळूहळू फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला आखीव कागद. पाणी वरखाली झाले की निब कागदावर रेघ ओढे. हे यंत्र चार कारणांनी निकामी होई: घड्याळाची किल्ली संपली, शाई वाळली, कागद बदलायचा राहिला किंवा गोळा आणि निब यांच्यामधली दोरी अडकली. चारही वेळी यंत्र जागेवर उभेच असे आणि लांबून पाहणाऱ्याला चालू वाटे. आज डीव्हीआर दुरुस्त करायला आलेला माणूस ज्या गोष्टी तपासतो, त्याही याच: वेळ, साठा, चित्र आणि मधली तार.

१२ जुलै १९६१ या दिवसाने पहाऱ्याची आणखी एक उणीव दाखवली. आदल्या रात्री पानशेतच्या अपूर्ण धरणावर जवान वाळूची पोती रचत होते. माणसे जागेवर होती, पाणी चढताना डोळ्यांनी पाहत होती. सकाळी पानशेत फुटले, तो लोंढा खडकवासल्यात आला आणि तेही धरण फुटले. खालच्या पुणे शहराला पुरेशी सूचना वेळेवर मिळाली नाही. पुढे चौकशी आयोग बसला तेव्हा कोणी कधी काय पाहिले आणि कोणाला काय कळवले, याचाच शोध घ्यावा लागला. पाहणे, नोंदणे आणि कळवणे ही तीन निराळी कामे आहेत. एक झाले म्हणजे दुसरे झाले असे मानणे धोक्याचे असते.

धरण फुटण्याआधीच गावाचे रूप बदलू लागले होते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि १९५५ च्या सुरुवातीला खडकवासल्यात प्रबोधिनीचे उद्घाटन झाले. पुढे गिरीनगरला शस्त्रास्त्र तंत्रज्ञानाची संस्था उभी राहिली. या आवारांच्या फाटकांवर सशस्त्र पहारा होता, वहीत आल्या-गेल्याची नोंद होती. बाकीच्या गावाला तसे काही नव्हते. वाड्या-वस्त्या लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या. अनोळखी माणूस फिरकला तर चार जण विचारत.

शहरात मात्र भीती आधी पोहोचली. १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर खून प्रकरणाने पुणे हादरले. अंधार पडला की दारे बंद होऊ लागली, जाळीचे दुसरे दार आणि दाराला भिंगाचा डोळा असणारी घरे वाढली. सोसायट्यांत रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा गुरखा आला. काठीचा आवाज म्हणजे पहारा चालू असल्याची खूण. पण तो आवाज ऐकणारा झोपलेला असे, आणि गुरख्याने काय पाहिले ते कुठे लिहिलेले नसे.

कॅमेऱ्याने पाहायचे आणि माणसाने दूर बसून पडद्यावर लक्ष ठेवायचे, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणांच्या चाचण्यांसाठी वापरली गेली. तिथे फक्त पाहणे होते, साठवणे नव्हते. चित्रफितीवर चित्र साठवणारे पहिले उपयुक्त यंत्र अँपेक्स कंपनीने १९५६ साली आणले. घरगुती व्हीएचएस कॅसेट १९७६ ची. राखणीसाठी त्यातून टाइम-लॅप्स रेकॉर्डर निघाला. तीन तासांच्या कॅसेटवर पूर्ण दिवस बसवायचा तर सेकंदाला २५ ऐवजी साधारण तीन चित्रे घ्यावी लागत. चार कॅमेरे एका पडद्यावर दाखवायला क्वाड नावाची पेटी असे. बँका, सराफी पेढ्या, मोठी हॉटेले यांना हा खर्च परवडे. रोज रात्री कॅसेट बदलायची, तिच्यावर तारीख लिहायची, महिन्याभराने तीच पुन्हा वापरायची. वारंवार वापरून फीत झिजे, हेडवर मळ चढे, चित्रात पांढऱ्या रेघा येत. कॅसेट बदलायला कोणी विसरला तर तो दिवस कोराच. तरी या पद्धतीत एक गुण होता: रोज एका माणसाला यंत्राला हात लावावाच लागे, त्यामुळे बिघाड फार दिवस लपत नसे.

हार्ड डिस्क स्वस्त झाल्यावर, १९९० च्या दशकाच्या शेवटी, कॅसेटची जागा डिस्कने घेतली. आपल्याकडे सुरुवातीला संगणकात बसवायची डीव्हीआर कार्डे चालत. व्हायरस आला किंवा संगणक अडकला की रेकॉर्डिंग बंद. मग स्वतंत्र पेटीतला डीव्हीआर आला, आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांशेजारी तो मांडला जाऊ लागला. चित्र दाबून लहान करण्याचे एच.२६४ हे प्रमाण २००३ साली ठरले, त्यामुळे थोड्या जागेत जास्त दिवस मावू लागले. वायरमन, केबल टीव्हीवाले, संगणक दुरुस्त करणारे असे अनेक जण कॅमेरे बसवण्याच्या धंद्यात शिरले. याचे शिक्षण देणारी संस्था जवळपास नव्हतीच. उस्तादाच्या हाताखाली केबल ओढत शिकायचे.

त्या काळातली चित्रे फार अंधुक असत. जुन्या डीव्हीआरचे नेहमीचे माप सीआयएफ, म्हणजे आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके. आजच्या दोन मेगापिक्सेल चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, म्हणजे जवळजवळ वीसपट. सीआयएफ चित्रात कोणीतरी आले-गेले एवढे कळे. चेहरा किंवा गाडीचा नंबर वाचणे कठीण. पुण्याला याचा अनुभव फार कटू रीतीने आला. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जणांचा बळी गेला. १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, आणि परिसरातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून चेहरे स्पष्ट होत नव्हते. या घटनांनंतर शासनाने शहरभर पोलिसांचे कॅमेरे बसवले. २०१५ च्या सुमारास बाराशेहून अधिक कॅमेरे एका नियंत्रण कक्षाला जोडले गेले.

खडकवासला तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेर होते, पण शहर त्याच्याकडे धावतच येत होते. नांदेड सिटीसारखी वसाहत उभी राहिली, किरकटवाडी-खडकवासल्यात इमारती वाढल्या, रविवारी धरणाच्या चौपाटीवर गाड्यांची रांग लागू लागली. कणीस-भजीच्या टपऱ्यांपासून लग्नाच्या लॉन्सपर्यंत सगळ्यांना कॅमेरा हवासा झाला. नेमक्या याच काळात बाजारही बदलला. २०१२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत एचडीसीव्हीआय, एचडीटीव्हीआय आणि एएचडी अशा तीन पद्धती आल्या, आणि जुन्याच कोॲक्सियल केबलवरून ठळक चित्र येऊ लागले. चार कॅमेऱ्यांचा संच दुकानदाराच्या आवाक्यात आला. ३० जून २०२१ रोजी २३ गावे पुणे महापालिकेत गेली, त्यांत खडकवासलाही होते. २०२४ मध्ये शहर पोलिसांची सात नवी ठाणी झाली, त्यांतले एक नांदेड सिटीचे. गावपणाची ओळखदेख विरळ होत गेली आणि तिची जागा कॅमेऱ्याने घेतली.

डीव्हीआर घेताना गिऱ्हाईक आधी विचारते ते कॅमेरा किती मेगापिक्सेलचा. खरा पहिला प्रश्न दिवसांचा आहे: चित्रण किती दिवस मागचे हवे? याचे गणित कठीण नाही. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६४ पद्धतीने सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट घेतो, म्हणजे दिवसाला जवळपास ४३ जीबी. चार कॅमेरे असतील तर १ टेराबाइटची डिस्क सहा दिवसांच्या आत भरते. त्यानंतरच्या एच.२६५ पद्धतीने तेच काम सुमारे निम्म्या जागेत होते. मग तीच डिस्क साडेअकरा दिवस पुरते. महिनाभराचे चित्रण हवे असेल तर या पद्धतीने चार कॅमेऱ्यांना ३ टेराबाइट आणि आठ कॅमेऱ्यांना ६ टेराबाइट धरावेत. डिस्क भरली की डीव्हीआर सर्वांत जुने चित्र पुसून त्यावर नवे लिहितो. मे महिन्यात गावी गेलेले कुटुंब तीन आठवड्यांनी परतते आणि कडी तुटलेली पाहते, तेव्हा १ टेराबाइटच्या डिस्कवर ती रात्र उरलेलीच नसते. इथे कशातही बिघाड नसतो. निवडच चुकलेली असते.

हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचे, असा पर्याय ठेवून जागा वाचवता येते. पण धरणाकाठी तो जपून वापरावा. जून ते सप्टेंबर पाऊस, वाऱ्याने हलणारी झाडे आणि दिव्याभोवतीचे किडे यांनाच यंत्र हालचाल समजते. आणि नेमका माणूस येतो तेव्हा पहिले काही क्षण सुटण्याची भीती असते. मुख्य दाराचा कॅमेरा सतत चालू ठेवणे बरे.

बाकीच्या निवडी थोडक्यात. चार कॅमेरे लावायचे असले तरी आठ चॅनेलचा, म्हणजे आठ कॅमेरे जोडता येणारा डीव्हीआर घ्यावा, कारण कॅमेरे वाढतातच. जुने कॅमेरे ठेवायचे असतील तर एचडीसीव्हीआय, एचडीटीव्हीआय आणि एएचडी या तिन्ही पद्धती ओळखणारे मॉडेल घ्यावे. नव्या इमारतीत, जिथे सगळी तार नव्यानेच ओढायची आहे, तिथे नेटवर्कवर चालणारे आयपी कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, म्हणजे एनव्हीआर, जास्त सोयीचे. डिस्क मात्र राखणीच्या कामासाठी बनवलेलीच हवी. संगणकाची साधी डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी घडवलेली नसते. ती बसवली तर थोडे पैसे वाचतात आणि कामाच्या वेळी डिस्क दगा देते.

बिघाडांचा इतिहास लिहायचा झाला तर खडकवासल्यात त्याचे पहिले प्रकरण रात्रीचे होईल. कॅमेरा दिवसभर छान चालतो, सातनंतर चित्र जाते, पहाटे परत येते. मालक म्हणतो, डीव्हीआर खराब झाला. तसे नसते. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जवळपास दुप्पट वीज लागते. फाटकापर्यंत साठ-सत्तर मीटर थ्री प्लस वन (तीन साध्या तारा आणि एक कोॲक्सियल) केबल ओढलेली असते, तीही पुष्कळदा शुद्ध तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. पॉवर सप्लायपाशी १२ व्होल्ट असतात, पण कॅमेऱ्यापाशी पोहोचेपर्यंत दहाच्या आसपास येतात. कॅमेरा बंद पडतो, दिवे विझतात, भार कमी होताच तो पुन्हा चालू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद. तपासायचे असेल तर रात्री कॅमेऱ्याच्या टोकाला, दिवे चालू असताना मल्टिमीटर लावावा. दिवसा मोजून काही कळत नाही. उपाय म्हणजे जाड तार, किंवा कॅमेऱ्याजवळ वेगळा ॲडॉप्टर.

दुसरे प्रकरण वळवाच्या पावसाचे. एप्रिल-मेमध्ये सिंहगडाच्या बाजूने ढग चढतात, विजा कडाडतात. दोन इमारतींना जोडणारी उघडी तांब्याची केबल ही विजेच्या लाटेला मिळालेली वाटच. सकाळी आठपैकी दोन-तीन चॅनेलवर ‘व्हिडिओ लॉस’ दिसते. अशा वेळी एक सोपी अदलाबदल करावी: चालू कॅमेऱ्याच्या केबलची डीव्हीआरला लावलेली बीएनसी पिन काढून मेलेल्या चॅनेलला लावावी. चित्र आले तर चॅनेल शाबूत, दोष कॅमेऱ्यात किंवा केबलमध्ये. नाही आले तर चॅनेलच जळला. या एका चाचणीने निम्म्या तक्रारींचा निकाल लागतो आणि विनाकारण नवा डीव्हीआर गळ्यात पडत नाही. नीट अर्थिंग आणि दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी फायबर, हे याचे प्रतिबंधक उपाय आहेत. चित्रात खालून वर सरकणाऱ्या आडव्या पट्ट्या येत असतील तर तेही बहुधा दोन टोकांच्या अर्थिंगमधल्या फरकाचे लक्षण असते. रंगीत कॅमेरा भर दिवसा काळा-पांढरा दिसू लागला, तर कॅमेऱ्याची पद्धत आणि डीव्हीआरची पद्धत जुळते का ते आधी पाहावे. पावसाळ्यात पिनेत पाणी शिरून हिरवा गंज चढतो. पिन कापून नवी लावली की बरेच कॅमेरे जिवंत होतात. भिंगावरचे कोळ्याचे जाळे इन्फ्रारेडमध्ये पांढरेफेक चमकते आणि पूर्ण चित्र झाकून टाकते. तिथे फडके पुरते.

तिसरा बिघाड सर्वांत वाईट, कारण तो दिसतच नाही. डिस्क मेलेली असते आणि कॅमेरे चालू असतात. मोबाइलवर ॲप उघडले की दुकान दिसते, म्हणून मालकाला वाटते की रेकॉर्डिंगही होत आहे. थेट चित्र दाखवायला डिस्क लागत नाही. डिस्क बिघडली की डीव्हीआर बीप-बीप करून सांगतो, पण रात्री झोपमोड होते म्हणून कोणीतरी तो आवाज सेटिंगमधून बंद केलेला असतो. मग प्रसंग घडल्यावर प्लेबॅक उघडतात तेव्हा कळते, चार महिन्यांपूर्वीपासून काहीच नाही. कॅसेटच्या काळात असा बिघाड एका दिवसात उघड झाला असता.

वेळेचा दोषही असाच शांत असतो. डीव्हीआरमध्ये नाण्याएवढा सेल असतो. तो संपला आणि वीज गेली की तारीख एकदम २००० किंवा १९७० सालात जाऊन पडते. चित्रण डिस्कवर असते, पण भलत्याच तारखेखाली. शोधणाऱ्याला सापडत नाही. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याचा पर्याय चालू ठेवला की हे टळते. वेळेला किती मोल आहे, हे महाराष्ट्राच्याच एका खटल्यात दिसले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी ३ वाजता संपत होती. अर्ज त्यानंतर दाखल झाला का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. मूळ यंत्र हजर न करता त्यातली प्रत पुरावा म्हणून दिली, तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र हवेच, हे त्यात स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तरतूद कलम ६३ मध्ये आहे. म्हणजे पेन ड्राइव्हवर नुसती फाइल दिल्याने काम भागत नाही. ती कोणी, कोणत्या यंत्रातून काढली हे सहीनिशी सांगावे लागते. जागल्यावर जशी मागाची जबाबदारी होती, तशी इथे सही करणाऱ्यावर चित्रणाची आहे.

किती दिवस जपायचे, याबाबत न्यायालयाचा दंडक बराच वरचा आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतले चित्रण १८ महिने राहील अशी यंत्रणा सांगितली; तशी बाजारात नसेल तर जास्तीत जास्त मुदतीची, पण एक वर्षापेक्षा कमी नाही. दोन मेगाबिट वेगाने हिशेब केला तर १८ महिन्यांसाठी एकाच कॅमेऱ्याला जवळपास १२ टेराबाइट लागतात. दुकानाला किंवा सोसायटीला एवढे परवडणार नाही, गरजही नाही. तीस दिवस मात्र हवेत.

एक धोका इंटरनेटबरोबर आला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर काबीज केले. त्यांना कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला होता, एवढीच त्यांची चूक. त्या यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास बंद पाडली. भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेची सक्तीची तपासणी एप्रिल २०२५ पासून लागू झाली. पण जुने डीव्हीआर अजून हजारोंनी चालू आहेत, आणि बसवणाऱ्याने सगळ्या गिऱ्हाइकांना ठेवलेला एकच सोपा पासवर्ड त्यांत तसाच आहे. तो आज बदलावा आणि स्वतःजवळ लिहून ठेवावा; बसवणारा माणूस फोन उचलेनासा झाला की पासवर्ड न मिळाल्याने पूर्ण यंत्रणा अडकते.

चोरही शिकले आहेत. ते आता जाताना डीव्हीआरच उचलून नेतात. म्हणून तो गल्ल्याखाली ठेवू नये. आतल्या खोलीत, हवा खेळेल अशा कुलूपबंद जाळीत ठेवावा, सोबत लहान यूपीएस द्यावा, म्हणजे वीज गेली तरी नोंद तुटत नाही. प्रसंग घडलाच तर पहिल्या दिवशीच त्या वेळेचे चित्रण उतरवून घ्यावे. उतरवणे जमत नसेल तर यंत्र बंद करून ठेवावे, म्हणजे जुने पुसले जाणार नाही. आणि कोणी कितीही सांगितले तरी डिस्क फॉरमॅट करू नये. सोसायटीने हे काम एका माणसाच्या नावावर लावून द्यावे. त्याने दर महिन्याला एका ठरलेल्या दिवशी डीव्हीआर उघडावा, घड्याळ जुळवून पाहावे, आणि वीस दिवसांपूर्वीच्या एखाद्या रात्रीचे दोन वाजताचे चित्र प्रत्येक कॅमेऱ्यातून काढून वहीत तारखेसह सही करावी. या कामाला पंधरा मिनिटे लागतात.